चष्मा घालवणारं लेसर ऑपरेशन: काम दहा मिनिटांचं, मग डोळा पूर्ण बरा व्हायला महिने का लागतात?

इन्स्टाग्राम उघडलं की एक रील हमखास समोर येतं. निळी टोपी घातलेली मुलगी ऑपरेशनच्या टेबलवरून उठते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते, किती वाजले ते वाचून दाखवते आणि रडायलाच लागते. खाली कॉमेंट्सचा पाऊस. खर्च किती आला? दुखतं का? माझा मायनस सहा आहे, माझा जाईल का?

त्या रीलमध्ये खोटं काही नसतं. लेसरनंतर माणूस टेबलवरून उठतो तेव्हा त्याला खरंच आधीपेक्षा बरंच स्पष्ट दिसत असतं, आणि बारा-पंधरा वर्षं सकाळी उठल्या उठल्या उशीखाली चष्मा चाचपडणाऱ्याला त्या क्षणी रडू येणं साहजिक आहे. पण रील तिथंच संपतं. त्या रात्री डोळ्यांत होणारी आग, पुढचे काही महिने रात्रीच्या दिव्यांभोवती दिसणारी वलयं आणि तपासणीनंतर "तुमच्या डोळ्यांना हे ऑपरेशन चालणार नाही" असं ऐकून परत गेलेली माणसं रीलमध्ये येत नाहीत. हा लेख त्या न दिसणाऱ्या भागाबद्दल आहे.

लेसर डोळ्यात नेमकं करतं काय?

डोळ्याच्या सगळ्यात पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक, गोलसर भाग असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं बहुतांश काम, साधारण दोन तृतीयांश, हा कॉर्नियाच करतो. मायनस नंबर असणाऱ्यांचा डोळा मागून-पुढून थोडा लांब असतो, त्यामुळे चित्र पडद्यावर पडायच्या ऐवजी पडद्याच्या अलीकडेच तयार होतं आणि लांबचं धूसर दिसतं. चष्मा हे गणित बाहेरून दुरुस्त करतो. लेसर कॉर्नियाचाच मधला भाग किंचित चपटा करतं, म्हणजे जणू चष्म्याचा नंबर कॉर्नियावरच कोरला जातो.

हे काम करणाऱ्या लेसरला एक्सायमर लेसर म्हणतात. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे त्याचे अतिनील किरण पेशींना भाजत नाहीत, तर त्यांचे रासायनिक बंध तोडून अतिशय पातळ थर उडवून लावतात. याचा शोध लागण्याची गोष्ट मजेशीर आहे. नोव्हेंबर १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणारे, मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर हे लेसर चालवून पाहिलं. काप इतका स्वच्छ आला की आजूबाजूला भाजल्याची खूण नव्हती. पुढे स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञासोबत त्यांनी हे कॉर्नियावर करून पाहिलं आणि त्याचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नंबर घालवण्यासाठी एक्सायमर लेसर वापरायला पहिली मान्यता दिली.

आज जाहिरातीत दहा नावं दिसतात, पण मुळात प्रकार तीनच आहेत. लॅसिकमध्ये कॉर्नियाच्या वरच्या थराचा एक पातळ पापुद्रा कापतात, पुस्तकाचं पान उलटावं तसा तो एका बाजूला उलटतात, खालच्या भागावर लेसर मारतात आणि पापुद्रा परत जागेवर बसवतात. या पापुद्र्याला फ्लॅप म्हणतात. पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. कॉर्नियावरची सगळ्यात वरची नाजूक त्वचा काढून थेट लेसर मारतात आणि ती त्वचा चार-पाच दिवसांत पुन्हा येते. तिसरा प्रकार स्माईल. यात लेसर कॉर्नियाच्या आतच एक छोटी चकती कापतं आणि ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. 'ब्लेडलेस' म्हणजे फ्लॅप ब्लेडऐवजी दुसऱ्या लेसरने कापलेलं लॅसिक. 'कंटूरा' हेही लॅसिकच, फक्त कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा वापरून केलेलं. 'स्माईल प्रो' म्हणजे स्माईलच, जास्त वेगवान मशिनवर.

यातलं सगळ्यात नवीन ते सगळ्यात चांगलं, असं समजून पॅकेज निवडू नका. पातळ कॉर्निया असलेल्याला किंवा कुस्ती-बॉक्सिंग खेळणाऱ्याला जुनं पीआरकेच अनेकदा योग्य ठरतं. डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: माझ्या डोळ्यांना यातलं कोणतं, आणि तेच का?

खरा निकाल तपासणीच्या दिवशी लागतो

ऑपरेशनच्या आधीची तपासणी दीड-दोन तास चालते आणि बऱ्याच जणांना ती कंटाळवाणी औपचारिकता वाटते. प्रत्यक्षात पुढे काही बिघडणार की नाही, याचा बराचसा फैसला तिथेच होतो.

पहिली अट वयाची आणि नंबर स्थिर असण्याची. वय १८ पूर्ण हवं आणि किमान वर्षभर नंबर वाढलेला नको. नंबर अजून वाढत असताना लेसर केलं तर डोळा वाढतच राहतो आणि दोन वर्षांत पुन्हा चष्मा लागतो. म्हणून अनेक डॉक्टर वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत थांबायला सांगतात. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हार्मोन्समुळे नंबर बदलू शकतो, तेव्हाही थांबतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी त्या बंद कराव्या लागतात. मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि चुकीच्या आकारावर घेतलेलं माप चुकीचंच येतं. लग्न तोंडावर आलंय म्हणून इथे घाई करणारे बरेच असतात. त्यात नुकसान त्यांचंच होतं.

दुसरी अट जाडीची. इथं थोडं गणित करू. कॉर्निया मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. लॅसिकचा फ्लॅप साधारण ११० मायक्रॉनचा. नंबर घालवायला एका नंबरामागे अंदाजे १५ मायक्रॉन थर जातो. मशिन आणि लेसर किती रुंद भागावर मारायचं यानुसार तो कमी-जास्त होतो. आता मायनस सहावाल्याचे ९० मायक्रॉन गेले, फ्लॅपचे ११० वजा केले, तर खाली ३४० उरतात. उत्तम. पण कॉर्निया ४८० मायक्रॉनचा आणि नंबर मायनस आठ असेल तर? १२० आणि ११० वजा जाऊन २५० उरतात. फ्लॅपखाली २५० पेक्षा कमी उरता कामा नये, हा जुना नियम आहे आणि आता बरेच डॉक्टर २८० ते ३०० राखतात. म्हणजे या दुसऱ्या माणसाला लॅसिकसाठी 'नाही' ऐकावं लागेल. नंबर तेवढाच असलेल्या मैत्रिणीचं झालं, मग माझं का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा या वजाबाकीत असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर, केराटोकोनस. या आजारात कॉर्निया हळूहळू पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. सुरुवातीला माणसाला काही कळत नाही, फक्त तिरका नंबर वाढत राहतो. अशा डोळ्यावर लेसर चालवलं तर आधीच कमकुवत असलेला कॉर्निया आणखी फुगत जातो. त्याला एक्टेशिया म्हणतात आणि अशा वेळी कधी कधी कॉर्निया बदलण्यापर्यंत पाळी येते. हा आजार आपल्याकडे दुर्मिळ नाही. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या लोकांच्या एका मोठ्या पाहणीत २.३ टक्के लोकांमध्ये त्याच्या खुणा आढळल्या होत्या. डोळे जोरजोरात चोळण्याची सवय आणि हा आजार यांचाही संबंध आहे. म्हणून कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढणारी टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी झाल्याशिवाय कुणी तारीख देत असेल, तर तिथून उठलेलं बरं.

याशिवाय डोळे किती कोरडे आहेत ते बघतात, बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा तपासतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर न विचारताही सांगा, त्यांनी डोळे कोरडे पडतात. संधिवाताचा किंवा प्रतिकारशक्तीशी संबंधित दुसरा आजार असेल तर तोही सांगा.

एका डॉक्टरने नकार दिला आणि दुसऱ्याने लगेच होकार दिला, तर आनंदून जाऊ नका. पहिल्याचे रिपोर्ट दुसऱ्यासमोर ठेवा आणि नकाराच्या कारणाचं काय झालं ते विचारा. लेसर चालत नसलेल्या बऱ्याच जणांना डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स हा पर्याय असतो. ते वेगळं ऑपरेशन आहे आणि त्याच्या तपासण्या आणि धोकेही वेगळे आहेत.

भरतीची तयारी करताय? मग आधी जाहिरात वाचा

चष्म्यामुळे नोकरी जाईल या भीतीने लेसर करून घेणारी बरीच मुलं आहेत. पण काही ठिकाणी लेसरमुळेच संधी जाते. रेल्वेच्या सहाय्यक लोको पायलट भरतीच्या जाहिरातीत, लॅसिक किंवा नंबर घालवण्याचं दुसरं ऑपरेशन केलेले उमेदवार पात्र नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सैन्यदलांत काही प्रवेशांना ते चालतं, पण ऑपरेशन कोणत्या वयात झालं, त्याला किती महिने झाले, कॉर्निया किती जाड उरला अशा अटी असतात. त्या प्रवेशानुसार वेगळ्या असतात आणि बदलतातही. क्लासमधला मित्र काय म्हणतो त्यावर जाऊ नका. एकदा काढलेला थर परत येत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं?

अत्तर, परफ्यूम, मेकअप काहीही लावायचं नाही, कारण त्याच्या वाफा लेसरच्या कामात अडथळा आणू शकतात. सोबत कुणीतरी हवं, कारण परत जाताना गाडी चालवता येणार नाही.

भूल फक्त थेंबांची. इंजेक्शन नाही, पूर्ण बेशुद्धी नाही. पापण्या मिटू नयेत म्हणून एक छोटी चिमट्यासारखी पट्टी लावतात. "मी डोळा हलवला तर?" ही सगळ्यांची भीती. एक्सायमर लेसरला डोळ्याच्या हालचालींचा माग काढणारी यंत्रणा जोडलेली असते. डोळा थोडा हलला तर लेसर त्याच्यासोबत सरकतं, जास्त हलला तर थांबतं. तुमचं काम एवढंच, समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं.

फ्लॅप कापताना डोळ्यावर एक रिंग दाबून बसवतात. तेव्हा दाब जाणवतो आणि काही सेकंद सगळं अंधारल्यासारखं होतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो, म्हणून मुद्दाम सांगतोय. पुढे लेसर चालताना टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास येतो. डोळा भाजत नसतो, उडालेल्या सूक्ष्म थराचा तो वास असतो. लेसर प्रत्यक्ष चालतं ते बहुधा मिनिटभराच्या आत. दोन्ही डोळे मिळून पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. टाके नसतात.

पहिली रात्र आणि पहिला आठवडा

थेंबांची भूल उतरली की लॅसिकनंतर चार-सहा तास डोळ्यांत आग होते, पाणी वाहतं, कांदा चिरल्यासारखं वाटतं. सांगितलेले थेंब घालून, डोळ्यांवर संरक्षक कवच लावून झोपणं हा यावरचा सगळ्यात चांगला उपाय. दुसऱ्या दिवशी तपासणीला जाईपर्यंत बहुतेकांना चष्म्याशिवाय बरंच स्वच्छ दिसायला लागलेलं असतं. स्माईलमध्ये हे स्पष्ट दिसणं एखाद-दोन दिवस उशिरा येऊ शकतं.

पीआरके केलेल्यांनी मात्र लॅसिकवाल्या मित्राशी तुलना करायची नाही. त्यांचे पहिले तीन-चार दिवस खरोखर त्रासाचे असतात. दुखतं, उजेड सहन होत नाही, डोळ्यांवर मलमपट्टीसारखी एक लेन्स ठेवलेली असते. नजर स्थिर व्हायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. त्या काळात उन्हात चांगला गॉगल हवाच.

लॅसिकमध्ये दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं, आणि घोळ तिथंच होतो. दिसतंय म्हणजे डोळा बरा झाला असं वाटतं, पण फ्लॅप नुसता जागेवर बसलेला असतो, घट्ट धरलेला नसतो. झोपेत डोळा चोळला, लहान बाळाचं बोट लागलं तरी तो सरकू शकतो. म्हणून पहिला आठवडा झोपताना कवच लावायचं आणि डोळे चोळायचे नाहीत. डोक्यावरून अंघोळ करताना साबणाचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. केस धुवायचेच असतील तर मान मागे टाकून दुसऱ्याकडून धुवून घ्यावे. काजळ आणि आयलायनर एक-दोन आठवडे बाजूला ठेवावं. विहीर, नदी, स्विमिंग पूल महिनाभर नको. कबड्डी, क्रिकेटसारख्या खेळांना कधी परवानगी द्यायची ते डॉक्टर ठरवतात.

आपल्याकडे दुचाकीवर धूळ खात फिरणं हा रोजचा मामला. निदान महिनाभर बिननंबरचा चष्मा किंवा गॉगल घालूनच गाडीवर बसा. चष्मा घालवायला गेलो आणि पुन्हा चष्माच, असं म्हणून हसाल, पण घाला. शेतात मळणी, फवारणी चालू असेल किंवा घरी वेल्डिंगचं काम असेल तर ते आधीच डॉक्टरांना सांगून सुट्टीचा हिशेब करा. होळी-रंगपंचमीच्या आधीच्या आठवड्यातली तारीख तर घेऊच नका. संगणकावरचं काम लॅसिकनंतर दोन-तीन दिवसांत सुरू करता येतं, मात्र स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे मध्येमध्ये थांबून डोळे मिटून घ्यावे लागतात.

थेंबांबाबत एकच सांगणं. त्यात प्रतिजैविक असतं, स्टिरॉइड असतं आणि ओलावा देणारे थेंब असतात. ओलावा देणारे बरेच महिने चालतात. स्टिरॉइड मात्र सांगितलेल्या दिवसापर्यंतच. "बरं वाटतंय" म्हणून आधी बंद करायचं नाही आणि मेडिकलमधून परत आणून चालूही ठेवायचं नाही, कारण त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, डोळा जास्त लाल झाला, पू आला, काल दिसत होतं ते आज धूसर झालं किंवा डोळ्याला मार लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जंतुसंसर्ग क्वचित होतो. पण झाला तर त्यात तासांनी फरक पडतो.

महिने लागतात ते कशाला?

कॉर्निया हा शरीरातल्या सगळ्यात संवेदनशील भागांपैकी एक. त्याच्यात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि फ्लॅप कापताना त्यातले बरेच तंतू तुटतात. डोळा कोरडा पडतोय, अश्रू पाठवा, हा निरोप मेंदूला देणारे हेच तंतू. ते पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर डोळे कोरडे पडणं, खुपणं, एसीत बसल्यावर चुरचुरणं, संध्याकाळी नजर धूसर होणं हे सगळं होऊ शकतं. स्माईलमध्ये काप लहान असल्याने हा त्रास सहसा थोडा कमी असतो. काही थोड्या लोकांचा कोरडेपणा वर्षानंतरही राहतो, म्हणून ज्यांचे डोळे आधीपासूनच कोरडे आहेत त्यांना डॉक्टर आधी त्याचा उपचार घ्यायला सांगतात.

रात्री दिव्यांभोवती वलयं किंवा किरणं दिसणं ही दुसरी तक्रार. अमेरिकेत एफडीएने तिथल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूट आणि संरक्षण विभागासोबत लॅसिकच्या रुग्णांचा जो अभ्यास केला, त्याचे आकडे इथं उपयोगी आहेत. आधी दिसण्याबाबत कोणतीच तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनंतर वलयं, चकाकी, दुहेरी दिसणं यांपैकी किमान एक नवीन तक्रार सांगितली. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी कोरडेपणाची लक्षणं होती. आणि त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते. दिसण्याच्या या तक्रारींमुळे रोजची कामं करणं खूप अवघड झालं, असे एक टक्क्याहून कमी निघाले.

हे आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत. लोकांना त्रास होतो आणि तरीही चष्मा गेल्याचा आनंद मोठा असतो, असं ते सांगतात. फक्त तुमचं पोट रात्री ट्रक किंवा टॅक्सी चालवण्यावर असेल, तर ही वलयं तुमच्यासाठी मोठा प्रश्न आहेत आणि ऑपरेशनआधी तो स्पष्ट विचारायला हवा. सगळ्यांसाठीच, रात्रीची गाडी हातात घ्यायची घाई करू नये.

चाळिशी लागेल का? आणि खर्चाचं काय?

लागेल. चाळिशीत जवळचं वाचायला लागणारा चष्मा डोळ्याच्या आतल्या भिंगाची लवचीकता गेल्यामुळे लागतो, आणि लेसर त्या भिंगाला हातही लावत नाही. उलट एक गंमत आहे. मायनस दोन-तीनवाले लोक चाळिशीनंतर चष्मा काढून वाचू शकतात. लेसर करून घेतलं की ही सोय जाते. वय अडतीस-चाळीस असेल तर या गोष्टीचा विचार करूनच पैसे भरा.

खर्च शहर, रुग्णालय आणि प्रकारानुसार काही दहा हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत जातो. सांगितलेली रक्कम एका डोळ्याची की दोन्हींची, तपासण्या धरून की सोडून, आणि काही वर्षांनी थोडा नंबर परत आला तर दुरुस्तीचे पैसे वेगळे का, हे लेखी घ्या. आरोग्य विमा यात सहसा कामाला येत नाही. ७.५ पेक्षा कमी नंबरच्या दृष्टिदोषावरचा खर्च पॉलिसीतल्या प्रमाणित वगळणुकीत मोडतो. त्याहून मोठा नंबर असेल तर आधी विमा कंपनीला विचारून ठेवा.

मोठा मायनस नंबर असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. लेसरने कॉर्निया बदलतो, डोळ्याची लांबी नाही. ताणलेला मागचा पडदा तसाच राहतो आणि तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोकाही तसाच राहतो. चष्मा गेला तरी वर्षातून एकदा पडदा तपासायचा. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके वाढले किंवा विजेसारखी चमक दिसली तर लगेच जायचं.

आणि ती फाईल फेकू नका. ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाचं माप, जाडी, टोपोग्राफीचे रिपोर्ट यांचे फोटो काढून ईमेलवर ठेवा. पंचवीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना लेसर झालेला कॉर्निया नेहमीच्या हिशेबाला चकवतो, आणि जुनी मापं हाताशी असली तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. काचबिंदूसाठी डोळ्यातला दाब मोजतानाही पातळ झालेल्या कॉर्नियामुळे तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्यामुळे पुढे कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे गेलात, कितीही वर्षांनी, तर लेसर झाल्याचं स्वतःहून सांगा. डोळ्याकडे नुसतं बघून ते सहज ओळखू येत नाही.